वाढीचा निरोप: माशाचा मेंदू आणि वृद्धिसंप्रेरक

मुळशी धरणाच्या भिंतीखालून निघालेली मुळा पौड, लवळे ही गावे मागे टाकत हिंजवडी-माणच्या शिवारालगत पुण्याकडे वळते, पुढे मुठेला मिळते आणि मुळा-मुठा या जोडनावाने भीमेत विलीन होते. या मुळा-मुठेतल्याच एका माशाचे वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले. तोच आज शास्त्रीय परिभाषेत ‘टॉर खुद्री’ म्हणजे दख्खनचा महाशीर, आणि सह्याद्रीच्या नदीकाठी अनेकांच्या तोंडी खडशी. हा मासा वजनाने भरायला बरीच वर्षे घेतो, तर शेततळ्यात सोडलेली कटल्याची बोटुकली चांगल्या व्यवस्थापनात वर्षभरात किलोच्या घरात जाते. त्याच भीमेवर खाली उजनीच्या जलाशयात माजलेली चिलापी मात्र गर्दी झाली की ओंजळीएवढ्या आकारातच अंडी घालू लागते आणि तिथेच खुंटते. हा फरक जातीचा आणि खाद्याचा आहे असे उत्तर सहसा दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. कारण एकाच जातीचे, एकाच दिवशी जन्मलेले आणि एकाच तळ्यात एकच खाद्य खाणारे मासेही सारखे वाढत नाहीत. खाल्लेल्या घासाचे मांस करायचे, चरबी करायची, अंडी करायची की तो नुसता जगण्यात खर्च करायचा, हा निवाडा माशाच्या मेंदूत होतो आणि तो शरीरापर्यंत पोहोचवण्याचे काम चेतापेशींतून स्रवणारी काही रसायने करतात.

या निवाड्याला माशांत विशेष महत्त्व येण्याचे कारण त्यांच्या वाढीच्या स्वरूपात आहे. माणसाच्या लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढपट्ट्या तारुण्यात बंद होतात आणि उंची कायमची ठरून जाते. बहुतेक माशांना अशी अखेरची मर्यादा नसते, त्यांच्या स्नायूंत नवे तंतू प्रौढ वयातही तयार होऊ शकतात आणि पोषण मिळत राहिले तर मासा मंद गतीने का होईना, आयुष्यभर वाढतो. वाढ अशी कधीच संपत नसल्यामुळे ती केव्हा चालू ठेवायची आणि केव्हा थांबवायची हा प्रश्न दर हंगामात नव्याने सोडवावा लागतो. खवल्यावर किंवा कानातल्या चुनखडीच्या खड्यावर उमटणाऱ्या वर्तुळांत कुठे दाट तर कुठे विरळ रेषा दिसतात, त्या याच चालू-बंदच्या नोंदी होत.

वाढीचा हुकूम ज्या रसायनाच्या रूपाने शरीरात फिरतो त्याला वृद्धिसंप्रेरक म्हणतात. संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवाला कामाला लावणारे द्रव्य, आणि वृद्धिसंप्रेरकाची ग्रंथी म्हणजे मेंदूच्या तळाशी लोंबणारी पियूषिका. ती काढून टाकली तर मासा जगतो, पण वाढत नाही, आणि बाहेरून संप्रेरक टोचले की पुन्हा वाढू लागतो, हे येल विद्यापीठातील ग्रेस पिकफर्ड यांनी अमेरिकेच्या किनारी पाण्यातल्या किलिफिश या छोट्या माशावर दाखवले. सस्तन प्राण्याच्या शुद्ध वृद्धिसंप्रेरकाचा माशावरील परिणाम सांगणारा त्यांचा निबंध १९४८ चा आहे. गाईबैलांच्या पियूषिकेतला हा रस माशाला लागू पडतो, माशाचा रस मात्र सस्तन प्राण्याला वाढवत नाही. उत्क्रांतीच्या शिडीवरचा हा रस्ता एकेरी आहे.

वृद्धिसंप्रेरक बरेचसे काम दुसऱ्याकडून करवून घेते. ते यकृतात पोहोचते आणि तिथल्या पेशींना इन्सुलिनसदृश वृद्धिकारक-१ हे दुसरे द्रव्य बनवायला लावते. स्नायू आणि कूर्चा यांच्या पेशींना वाढवणारा मुख्य हात या द्रव्याचा असतो, आणि त्याचे रक्तातले प्रमाण वाढले की तेच उलट पियूषिकेला आवर घालते. या साखळीतली एक गोष्ट प्रथमदर्शनी गोंधळात टाकते. उपाशी ठेवलेल्या माशाच्या रक्तात वृद्धिसंप्रेरक कमी होण्याऐवजी अनेकदा वाढलेले आढळते, तरीही मासा वाढत नाही. याचे कारण असे की उपासात यकृत या संप्रेरकाला दाद देईनासे होते आणि दुसरे द्रव्य तयार करणे थांबवते. त्यामुळे वाढ थांबते, पण त्याच संप्रेरकाचा साठवलेली चरबी जाळण्याचा गुण कामी येऊन मासा तग धरतो. नुसते रक्तातले वृद्धिसंप्रेरक मोजून मासा वाढतो आहे असा निष्कर्ष काढणारा म्हणूनच फसतो.

आता पियूषिकेला हुकूम देणारा कोण, हा प्रश्न येतो. मेंदूतल्या दोन चेतापेशी एकमेकींना प्रत्यक्ष चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामधल्या अतिसूक्ष्म फटीत एक पेशी रसायनाचा थेंब सोडते, दुसरीच्या पृष्ठभागावरचे ग्राही नावाचे प्रथिन तो ओळखते आणि त्यानुसार ती पेशी चेतते किंवा शांत होते. या रसायनांना चेतापारेषक किंवा न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन, ग्लुटामेट ही त्यांतली सर्वपरिचित नावे. माणसात मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस हा भाग आपली रसायने एका खास रक्तवाहिनीजाळ्यात सोडतो आणि ते रक्त पियूषिकेपर्यंत उतरते. हाडांचा सांगाडा असलेल्या आधुनिक माशांत असे मधले रक्तजाळे वापरले जात नाही. त्यांच्या हायपोथॅलॅमसमधून निघालेले चेतातंतू थेट पियूषिकेच्या आत शिरतात आणि वृद्धिसंप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या शेजारी जाऊन आपले रसायन मोकळे करतात. माणसात जो निरोप टपालाने जातो तो माशात दारात उभे राहून तोंडी सांगितला जातो, असे म्हणता येईल. मेंदूतली चेतापारेषके ग्रंथीवर कशी काम करतात हे तपासायला मासा हा इतका सोयीचा प्राणी का ठरला, त्याचे कारण या रचनेत आहे.

हे निरोप कोणते, याचा सर्वांत तपशीलवार हिशेब सोनमाशावर मांडला गेला आणि त्यात कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे रिचर्ड पीटर व त्यांचे सहकारी यांचा वाटा मोठा आहे. सोनमासा शोभेचा असला तरी कुळाने तो रोहू, कटला, मृगळ आणि महाशीर यांचाच नातलग, म्हणून तिथले निष्कर्ष आपल्याकडच्या तळ्यांच्या जवळचे आहेत. त्या हिशेबानुसार डोपामिन, प्रजननाची साखळी सुरू करणारे जीएनआरएच, भूक चेतवणारे न्यूरोपेप्टाइड वाय आणि आतड्यातून येणारे घ्रेलिन ही वृद्धिसंप्रेरक सोडायला लावणारी मंडळी. सोमॅटोस्टॅटिन हा त्यांच्यावरचा मुख्य लगाम, आणि सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन ही त्या लगामाच्या बाजूची. यांतली काही द्रव्ये, जसे न्यूरोपेप्टाइड वाय किंवा सोमॅटोस्टॅटिन, प्रथिनांच्या लहान साखळ्या असल्यामुळे त्यांना न्यूरोपेप्टाइड असे वेगळे नाव आहे, तरी चेतातंतूच्या टोकातून सुटून शेजारच्या पेशीला निरोप देण्याचे त्यांचे काम तेच आहे. पियूषिकेतली पेशी एकट्या कुणाचे ऐकत नाही. तिच्या पृष्ठभागावर या सर्वांचे ग्राही असतात आणि ओढाताणीत जो वरचढ ठरेल त्याप्रमाणे ती आपला साठा सोडते किंवा रोखते.

ही सगळी ओढाताण टाळूनही मासा वाढवता येतो. अटलांटिक सामनमध्ये चिनूक सामनचे वृद्धिसंप्रेरकाचे जनुक घालून, ते चालू ठेवणारा जनुकीय कळदाबा ओशन पाउट या थंड समुद्रातल्या माशाकडून घेतला, की संप्रेरक ऋतू न पाहता बारमाही तयार होते. अशा सामनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये खाद्य म्हणून मान्यता दिली. मेंदूचा निवाडा वगळून वाढ मिळवण्याचा हा मार्ग आहे. मेंदू हा निवाडा का करतो, याचे उत्तर मात्र अशा माशाकडून मिळत नाही. त्यासाठी डोपामिनकडे वळणे अधिक फलदायी ठरते.

कार्प कुळातल्या, म्हणजे सोनमासा-रोहूच्या कुळातल्या, माशांत डोपामिनची दोन दारे आहेत. वृद्धिसंप्रेरकाच्या पेशीवर डोपामिनचा डी-१ जातीचा ग्राही असतो आणि तो चेतला की संप्रेरक सुटते. अंडी पिकवणारे संप्रेरक बनवणाऱ्या शेजारच्या पेशीवर मात्र डी-२ जातीचा ग्राही असतो आणि तोच डोपामिनचा थेंब तिथे पडला की ती पेशी गप्प बसते. एकच रसायन एका दारात वाढीला हिरवा कंदील दाखवते आणि दुसऱ्या दारात प्रजननाला थांबवते. पावसाचे नवे पाणी, वाहता प्रवाह, जोडीदाराची चाहूल असे काही मिळेपर्यंत अंडी रोखून धरणे आणि तोवरचे अन्न अंगाला लावणे, हा व्यवहार यामागे असावा असे मानायला हरकत नाही.

महाराष्ट्रातील मत्स्यबीज केंद्रांत दर पावसाळ्यात हाताळली जाणारी सुई या दुसऱ्या दारावरच चालते, हे ती टोचणाऱ्यांपैकीही थोड्यांना ठाऊक असते. रोहू-कटला तळ्यातल्या साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी सोडत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पियूषिकेचा अर्क टोचून त्यांच्या कुळातल्या माशांचे प्रेरित प्रजनन घडवले, आणि आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या पद्धतीत दुसऱ्या माशांची डोकी फोडून पियूषिका गोळा कराव्या लागत आणि प्रत्येक अर्काची ताकद वेगळी निघे. पुढे रिचर्ड पीटर आणि चीनचे लिन हाओरान यांनी डोपामिनच्या अडथळ्याचा नेमका विचार केला: जीएनआरएचसारखे कृत्रिम द्रव्य दिले तरी डोपामिन पेशीला दाबून धरते, म्हणून त्यासोबत डी-२ ग्राही बुजवणारे औषध द्यावे. ओव्हाप्रिम या इंजेक्शनात ते काम डोमपेरिडोन करते, तर मुंबईच्या हेमो फार्माने बाजारात आणलेल्या ओव्हाटाइडमध्ये पिमोझाइड. डोमपेरिडोन म्हणजे उलटी थांबवण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी तीच गोळी. पिमोझाइड मनोविकारांवर दिले जाते. माणसाच्या पोटावर आणि मनावर चालणारी औषधे माशाच्या अंड्यांवर चालतात, यात चमत्कार काही नाही. डोपामिन सर्व पृष्ठवंशीयांत तेच आहे आणि त्याचे ग्राहीही एकाच घराण्यातले आहेत. या सुईच्या एका टोचणीने जिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले, मिळतात, पण पुढचे वर्षभर त्या जिऱ्यांची बोटुकली आणि बोटुकलीचा मासा करायचे काम मेंदूच्या रोजच्या निरोपांवरच सोडावे लागते.

या रोजच्या निरोपांचा अभ्यास महाराष्ट्रातही झाला आहे आणि त्याचा धागा नागपूरहून पुण्याला येतो. नागपूर विद्यापीठात आणि नंतर पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत काम केलेले निशिकांत सुभेदार यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांगूर या विदर्भात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या माशाच्या मेंदूचा जवळजवळ नकाशाच तयार केला. मेंदूच्या पातळ कापांवर विशिष्ट प्रतिपिंडे सोडली की ज्या पेशीत जे द्रव्य असेल ती रंगून उठते. या पद्धतीने न्यूरोपेप्टाइड वायचे तंतू घ्राणेंद्रियापासून पियूषिकेपर्यंत कसे पसरलेले आहेत हे त्यांनी २००४ मध्ये मांडले, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच द्रव्याचा वाय-१ ग्राही मांगूरच्या प्रजनन-संप्रेरकाच्या व वृद्धिसंप्रेरकाच्या पेशींच्या नियमनात सामील असल्याचे दाखवले. या शोधाचे मर्म असे, की भूक आणि वाढ ही दोन वेगळी खाती नाहीत. माशाला खावेसे वाटायला लावणारे जे रसायन, तेच आलेल्या अन्नाचे शरीर करणाऱ्या संप्रेरकाच्या पेशीपर्यंतही पोहोचते.

भूक मारणाऱ्या बाजूलाही असाच एक निरोप्या आहे. ‘कार्ट’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे पेप्टाइड पोट भरल्याची सूचना देते. हिंजवडीपासून काही किलोमीटरवर पाषाण येथे असलेल्या याच संस्थेत अर्णब घोष आणि सुभेदार यांच्या गटाने झेब्रा मासा या भारतीय उपखंडातल्याच इवल्या पट्टेदार माशात या पेप्टाइडची चार जनुके मेंदूत कुठे कुठे चालू असतात आणि शरीरातल्या ऊर्जेच्या स्थितीनुसार त्यांचे काम कसे वेगवेगळे बदलते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. माणसात एकच असलेले जनुक माशात चार असणे, हे माशांच्या पूर्वजांत झालेल्या जनुकसंचांच्या दुपटीचे फळ आहे. त्यामुळे एकाच कामाची वाटणी माशाचा मेंदू अधिक बारकाईने करू शकतो.

सेरोटोनिनची गोष्ट तळे राखणाऱ्याच्या अधिक परिचयाची आहे, जरी तो तिला या नावाने ओळखत नसला तरी. तळ्यात गर्दी झाली की मोठे मासे लहानांना खाद्याच्या जागेवरून हुसकतात आणि हुसकलेले कोपऱ्यात रेंगाळतात. स्वीडनमधील स्वान्टे विनबर्ग व इतरांनी सामन कुळातल्या माशांवर दाखवले की अशा दबलेल्या माशाच्या मेंदूत सेरोटोनिनचा वापर सतत चढा राहतो. त्याबरोबर कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक वाढते, भूक मंदावते आणि खाल्लेले अन्नही वाढीऐवजी तणाव सोसण्यात खर्च होते. मजा अशी की सेरोटोनिन ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल खाद्यातून जास्त दिले तर माशांची भांडणे आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी होतात. मुंबईत वर्सोव्याला असलेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत मृगळच्या बोटुकलीवर हा प्रयोग करण्यात आला आणि गर्दीचा ताण हलका होऊन वाढ सुधारल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सेरोटोनिन वाढीचा लगाम, आणि त्याचाच कच्चा माल वाढीला पोषक, हे वरवर विसंगत दिसते. पण दबलेल्या माशात दीर्घकाळ ताणलेली व्यवस्था आणि खाद्यातून थोडे दिवस मिळालेला कच्चा माल या दोन वेगळ्या अवस्था आहेत. चेतापारेषकाचा परिणाम किती, कुठे आणि किती काळ यावर ठरतो. नुसत्या नावावरून त्याला मित्र किंवा शत्रू ठरवणारी पुस्तके वाचकाची दिशाभूल करतात.

महाशीरची बाजू यातून वेगळी दिसू लागते. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महाशीरचे बीजकेंद्र उभे केले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी जलाशयातल्या पिकलेल्या माशांची अंडी हाताने दाबून काढून, वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवून, या जातीचे बीज मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत तिथे बसवली. तिथली बोटुकली देशात दूरवर गेली. कावेरीतही सोडली गेली आणि तिथे इतकी रुजली की त्या नदीचा स्वतःचा वाशिंडवाला महाशीर मागे हटला, हे चांगल्या हेतूचे वाईट फळ नोंदवून ठेवायला हवे. जन्माचा प्रश्न बीजकेंद्र सोडवू शकते. वाढीचा प्रश्न पाणी सोडवते, कारण मेंदूतल्या निरोपांना उठवणारी खबर पाण्यातूनच येते.

हिंजवडीच्या आजूबाजूचे पाणी आता कोणती खबर देते, याचे तीन पदर सांगता येतील. पहिला उजेडाचा. माशाच्या कवटीखालची पिनियल ग्रंथी उजेड थेट ओळखते आणि अंधारात सेरोटोनिनपासून मेलॅटोनिन बनवते. दिवस किती मोठा झाला हे तिच्यामुळे मेंदूला कळते. नॉर्वेतले सामनपालक हेच ओळखून पिंजऱ्यांत रात्रभर दिवे ठेवतात, त्यामुळे मासे लवकर वयात येत नाहीत आणि वाढत राहतात. तिथे जी युक्ती आहे, ती रात्रभर उजळलेल्या इमारतींच्या आणि पुलांच्या काठच्या नदीत कुणी न ठरवलेली ढवळाढवळ होते.

दुसरा पदर औषधांचा. नैराश्यावरचे फ्लुऑक्सेटिन हे औषध सेरोटोनिनला चेतापेशींमधल्या फटीत अधिक वेळ रेंगाळत ठेवते. ते घेणाऱ्याच्या मूत्रातून त्याचा अंश सांडपाण्यात उतरतो आणि नेहमीची शुद्धीकरण केंद्रे तो पूर्ण काढू शकत नाहीत. कॅनडात सोनमाशांना हे औषध दिल्यावर त्यांचे खाणे आणि वजन दोन्ही घटले. माणसाच्या मनासाठी बनवलेली गोळी माशाच्या अंगावर उतरते ती वर सांगितलेल्या त्याच ग्राहींच्या वाटेने.

तिसरा आणि सर्वांत जड पदर ऑक्सिजनचा. मुळा, मुठा आणि पवना या तिन्ही नद्यांचे पट्टे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहेत, आणि सांडपाण्याने भरलेल्या पाण्यात जिवाणू सर्वांत आधी ऑक्सिजन संपवतात. ढोमा-घोळ यांच्या कुळातल्या अटलांटिक क्रोकर या माशावर टेक्सासमध्ये झालेल्या कामात ऑक्सिजनच्या दीर्घ टंचाईने हायपोथॅलॅमसमधले सेरोटोनिन घटते आणि प्रजननाची साखळी ढासळते, असे दिसले. ऑक्सिजन कमी पडला की कार्पही आधी खाणे सोडतो आणि मग वाढणे. जलपर्णीने झाकलेल्या नदीत ऑक्सिजन कमी पडतो तसाच तो हिरव्या शेवाळाने दाटलेल्या शेततळ्यातही लहान प्रमाणावर कमी पडतो: दिवसा शेवाळ ऑक्सिजन देते, रात्री तेच तो ओढून घेते, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशा तळ्यात सकाळी वाढवून टाकलेले खाद्य तळाशी कुजते आणि दुसऱ्या रात्रीचा उरलासुरला ऑक्सिजनही खाते. मुळशी-मावळात शेततळे राखणाऱ्याने म्हणून खाद्याची दुसरी गोणी फोडण्याआधी पहाटे साडेपाचच्या सुमारास विरघळलेला ऑक्सिजन मोजून पाहावा, आणि तो लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली आला असेल तर खाद्य कमी करून ताजे पाणी सोडावे.